रामदासचं रक्त

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात मी जे पाहिलं, ते अजून विसरलो नाही.

रामदास माझा चुलतभाऊ. नागपूरचे संशोधन करणारे डॉक्टर आमच्या सौंसरला रक्ततपासणीचं शिबिर घेऊन आले, तेव्हा त्यानंही कुरकुरत रक्त दिलं. घरी येऊन म्हणाला, "एवढुसं रगत नेऊन का लोणचं घालून राहिले हे?" पुढच्या पावसाळ्यात तो साप चावून गेला.

काही वर्षांनी त्याच्या मुलीचे, मीराचे, सांधे असह्य दुखू लागले. वहिनीला आणि तिला मी नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिकलसेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार, पण नेमका कोणता प्रकार ते आईबाप दोघांचं रक्त पाहून ठरेल."

"बाप तं गेला, बाई," वहिनी म्हणाली.

बाईंनी गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं आणि आम्हाला खालच्या मजल्यावर नेलं. तिथे सगळ्या विभागांचा मिळून एक प्रचंड फ्रीज होता. त्यातून त्यांनी बोटाएवढी गोठलेली नळी काढली. तिच्यावर रामदासचं नाव होतं.

वहिनीनं चटकन डोक्यावर पदर घेतला. मग हळूच म्हणाली, "यायले थंडी सोसत नव्हती, बाई."

"थंडीत होते म्हणून तर आज लेकीच्या कामी आले," बाई म्हणाल्या.

तपासणी झाली, आजार नक्की कळला, मीराला औषध सुरू झालं. परतीच्या बसमध्ये वहिनीनं मीराच्या औषधांची पिशवी मांडीवर धरली होती. सौंसर जवळ आल्यावर म्हणाली, "भाऊजी, लोणचंच घातलं होतं त्याईनं. अन् मुरलंबी बेस."