मागच्या पानावरची चौथी अट

नाव: सोबत जोडलेल्या ओळखपत्राप्रमाणे. कामावर सगळे 'चौकशीबाई' म्हणतात. वय: ४६ वर्षे. व्यवसाय: नोकरी, भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीत. राहणार: पेट्रोल पंपामागची गल्ली, दुसरा मजला.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर पतीसह राहते व अकरा वर्षांपासून सदर कंपनीत कामाला आहे. गाडी देताना मी तिच्याभोवती फेरी मारते, जुने ओरखडे कागदावरच्या गाडीच्या चित्रात गोल करून दाखवते आणि सही घेते. गाडी परत आली की पुन्हा तीच फेरी. मला नसत्या चौकशा करायची खोड आहे, हे मी लपवत नाही.

गेल्या शनिवारी सकाळी सव्वानऊला एक वयस्कर जोडपं आलं. गृहस्थ ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवून रिटायर झालेले, चांगले सहा फूट उंच. काकू त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. मी त्यांना मास्तर म्हटलं, ते त्यांना आवडलं. त्यांनी पांढरी छोटी गाडी दोन दिवसांसाठी घेतली. "नुकसानमाफी घेताय ना?" मी विचारलं. म्हणजे थोडे जादा भरायचे, मग गाडी घासली-चेपली तरी कंपनी भरपाई मागत नाही. मास्तर म्हणाले, "घेतो बाई, माझा काय भरवसा!" काकू हसल्या नाहीत. मला ते जरा चमत्कारिक वाटलं. कागदावर ड्रायव्हर म्हणून एकट्या मास्तरांचं नाव लिहिलं.

रविवारी दुपारी साडेचारला दोघं चालत आत आले. गाडी बाहेर आमच्याच फाटकाच्या खांबाला टेकून उभी, मागचा डावा दरवाजा चेपलेला. "मीच घासली," मास्तर म्हणाले. कोणी काही विचारलं नव्हतं. गाडी आत आणायला मी बसले, तर सीट इतकी पुढे की माझेच गुडघे स्टिअरिंगला लागले. मास्तरांना तिथे घडी करून ठेवावं लागलं असतं.

मला कुठे राहवतंय! मी विचारलं, "काकू, गाडी तुम्ही चालवत होतात का हो?" मॅनेजर साहेब माझ्या पाठीमागे उभे होते, हे मी पाहिलं नव्हतं. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. मॅनेजरनी कागद उलटा केला आणि चौथ्या अटीवर बोट ठेवलं: ज्याचं नाव लिहिलेलं नाही त्याने गाडी चालवल्यास माफी रद्द. मग मास्तरांनी खोटं सांगून कंपनीला फसवलं, अशी तक्रार त्यांनी या ठाण्यात दिली.

सोमवारी मी मास्तरांच्या घरी गेले. कोणी पाठवलं नव्हतं. काकूंनी स्वतःचं लायसन्स दाखवलं. एकतीस वर्षांचं, दर वेळी मुदतीत नूतनीकरण केलेलं. लायसन्स मिळाल्याच्या आठवड्यात त्यांनी गाडी एका भिंतीला घासली होती आणि गावभर लोकांना गोडीत शिकवणारे मास्तर भररस्त्यात त्यांच्यावर ओरडले होते. काकू उतरल्या त्या उतरल्याच. यंदा मास्तरांनी हातापाया पडून त्यांना बसवलं. दोन दिवस तोंड उघडणार नाही म्हणाले, आणि उघडलं नाही. काकूंनी बहिणीच्या घरी जाऊन-येऊन एकशे चाळीस किलोमीटर गाडी चालवली. घासली ती शेवटच्या वळणावर. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा मास्तर मला म्हणाले, "खटला माझ्यावर होऊ दे हो. पण ती परत बसायची थांबली, तर मी स्वतःला माफ करणार नाही."

आता मुख्य गोष्ट. दुसरं नाव घालायला आमच्याकडे काहीच लागत नाही. नुसतं सांगायचं आणि लायसन्स दाखवायचं. पण ते सांगायचं असतं हे गिऱ्हाईकाला कळणार कसं? म्हणून त्याच कागदाच्या डोक्यावर छापलंय, की मागच्या अटी मोठ्याने वाचून दाखवाव्यात, वाचून न दाखवलेली अट गिऱ्हाईकावर बंधनकारक नाही. खाली 'वाचून दाखवले' असा रकाना आहे. त्यात माझी सही आहे. ती सही मी शनिवारी केलेली नाही. मंगळवारी गर्दी नसते, तेव्हा मी चहा पिता पिता पन्नास पानांच्या अख्ख्या पॅडवर सह्या करून ठेवते. पॅड मॅनेजर साहेबच आणून देतात. मास्तरांना मी एकही अट वाचून दाखवली नाही. पॅडची उरलेली बत्तीस कोरी पानं माझ्या सहीसकट ड्रॉवरमध्ये आहेत, ती पाहून घ्यावीत.

जगाला नको ते विचारत फिरते मी. "काकू, तुम्हीपण चालवणार का?" एवढं शनिवारी विचारायचं राहिलं. त्याची मला लाज वाटते.

आज सकाळी मॅनेजर म्हणाले, "सही तुझी आहे, तोंड सांभाळ." माझी नोकरी जाईल, हे मला समजतं. पतींना अजून सांगितलेलं नाही. मास्तर आणि काकू बाहेर बाकावर बसले आहेत. काकू परत स्टिअरिंगला हात लावतील का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

जबाब लिहून होताच हवालदार साहेबांनी सहीसाठी पेन पुढे केलं. मी म्हटलं, "साहेब, आधी वाचा." त्यांनी तो मला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही त्यानंतर केली.