माझ्या लिव्हरची फाइल

…आणि वर तो शेजारी मला म्हणतो, आता तरी सोडा! काय सोडू? तुम्हीच सांगा, जे कधी धरलंच नाही ते सोडू कसं? तुम्हाला सांगतो, वय वर्षं सत्तावन्न, भावाचं लग्न म्हणू नका, साहेबाची बढती म्हणू नका, सगळीकडे हातात लिंबूपाण्याचा ग्लास घेऊन कोपऱ्यात उभा राहिलेला माणूस मी… थेंबाला शिवलेलो नाही हो! पण डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं आणि ‘लिव्हर’ हा शब्द जिन्यात कुणाच्या तरी कानावर पडला, की संपलं. दूधवालासुद्धा हल्ली माझ्याकडे कणवेने बघतो.

आता हे झालं कसं? तर माझ्या व्यवस्थितपणामुळे. हसू नका. एका विमा कंपनीच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं काढली मी. खिडकी नाही, पंखा एक आणि छतापर्यंत फायली. सकाळी बसायचं ते संध्याकाळी उठायचं, मध्ये पाच वेळा चहा, दोन-दोन चमचे साखरेचा, आणि खणात बिस्किटांचा पुडा, कारण फाइल शोधताना तोंडात काहीतरी लागतंच. आमचा नियम एकच. कागद आला की शिक्का मारायचा, भोकं पाडायची, पानाला नंबर घालायचा आणि फाइलला लावायचा. वाचायचा नाही! वाचणं हे दुसऱ्या टेबलाचं काम. रेकॉर्डवाला वाचत बसला तर ऑफिस बुडेल.

तर दर वर्षी ऑफिसतर्फे तपासणी व्हायची. रक्त, सोनोग्राफी, सगळं. रिपोर्टांचा गठ्ठा यायचा माझ्याच टेबलावर. बाकीचे आपापले घेऊन गेले, कुणी हरवले, कुणी घाबरून डॉक्टर गाठला. मी? मी माझा शिक्का मारून फाइलला लावला. सात वर्षं! आणि एकदा लावला की कसं मोकळं वाटायचं… चला, या वर्षीचं लिव्हरचं काम उरकलं.

मग पाय सुजले. पोरीने धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी विचारलं, जुने काही रिपोर्ट आहेत का. आहेत का म्हणजे? मी फाइलच पुढे ठेवली, अनुक्रमणिकेसकट! बाई पानं उलटायला लागल्या. पहिल्या वर्षी लिव्हरवर थोडी चरबी. तेव्हा आठ-दहा किलो उतरवले असते, रोज चालला असतात, तर सगळं जागेवर आलं असतं म्हणाल्या. पुढच्या दोन वर्षांत चरबी वाढली, रक्तात साखर वाढली. चौथ्या वर्षी सूज. मग लिव्हरवर आतून व्रण पडायला लागले, ते पसरत गेले, आणि शेवटच्या पानावर सिरॉसिस, म्हणजे लिव्हर आक्रसून घट्ट. आणि या सात वर्षांत कुठे दुखलं का? छे! आतल्या आत सगळी वाट लागत होती, पण त्या लिव्हरने तोंडातून ब्र काढला नाही.

“फाइल फार छान ठेवलीय,” बाई म्हणाल्या. “वाचली होती का कधी?”

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षांत माझ्या कामाला कुणी इतकं टोचून बोललं नव्हतं. मी चाचरत म्हटलं, बाई, पण मी थेंबाला शिवलेलो नाही हो. त्या म्हणाल्या, न पिणाऱ्यांनाही होतो हा आजार, साखर, बसणं आणि वजन एवढं त्याला पुरतं. म्हणजे बघा, बदनामी पिणाऱ्याची आणि मजा बिस्किटाची!

उपाय काय, तर नवीन लिव्हर. जवळच्या नातेवाइकाने तुकडा द्यायचा. बायकोचं हृदय नाजूक, ती बाद. आमची पोरगी अठ्ठावीस वर्षांची, फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी करते. “बाबा, माझं घ्या,” म्हणाली, “परत वाढतं ते.” जणू नखंच कापायची होती. तिच्या तपासण्या झाल्या, रिपोर्ट आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा, दवाखान्याच्या बाकावर बसून, मी एक रिपोर्ट शब्द न् शब्द वाचला. चरबी. माझ्या पहिल्या पानावर होती, तीच ओळ. येणारच ना! दिवसभर खुर्चीवर बसते, आणि येताना पुडा कोण आणायचं? मी. एक माझा, एक तिचा. थेंबाला न शिवलेल्या बापाने पोरीला काय लावलं, बघा. रडलो हो मी तिथे, चारचौघांत.

बाई म्हणाल्या, हिचं अजून हाताबाहेर गेलेलं नाही. सहा महिन्यांत आठ किलो उतरवले तर लिव्हर साफ होईल, मग पुन्हा तपासू, तोवर यांचं औषधांवर निभावू. पोरीने त्याच संध्याकाळी बूट आणले. आता रोज सकाळी ती बागेत फेऱ्या मारते आणि मी बाकावर बसून मोजतो. तीन किलो उतरलेत. साखरेचा डबा तिने स्वतः शेजाऱ्याला देऊन टाकला. त्याला वाटलं, मी शुद्धीवर आलो.

आता खरं सांगू? तिच्या कानावर घालू नका. मला ते लिव्हर नकोय. पोरीचं पोट फाडून मी काय करणार, आणखी फायली लावणार? सहा महिन्यांनी बाईंना मी नाही म्हणून सांगणार आहे. पण हे आज तिला कळलं, तर उद्यापासून ती पांघरुणातून बाहेर यायची नाही, कारण स्वतःसाठी आमच्या घरात कुणी दहा पावलं चालल्याचा दाखला नाही! म्हणून रोज पहाटे मीच तिला हलवतो, म्हणतो, “ऊठ गं, लवकर कर, बापाकडे फार दिवस नाहीत.” आणि तेवढं मात्र, तुम्हाला सांगतो, मी खोटं बोलत नाही.