टेकडीवरचा पाव

पाववाल्याची गाडी चर्चसमोर थांबली. गावात नव्यानंच एकटी राहायला आलेली सोलेन रांगेत होती. तिच्या पुढे दोन म्हाताऱ्या होत्या.

"उगेत, दोन पाव कशाला गं? एकटी तर राहतेस."

"कोंबड्यांना घालते."

"त्या तर केव्हाच कोल्ह्यानं नेल्या!"

"हळू बोल, जिल्बेर्त, तो ऐकेल. खप नाही म्हणून आता खाली नदीकाठीच थांबणार म्हणतोय. मग रोज चढशील ही टेकडी, त्या गुडघ्यांनी?"

"शाळा गेली, पोस्ट गेलं, पाद्रीबाबा गेले. आता पावही जाणार."

"आपल्या पूर्वजांनाच अवदसा आठवली. सैनिकांच्या भीतीनं इतक्या वर गाव वसवलं."

"सैनिक तरी चढून यायचे, बाई!"

"म्हणून सांगते, तूही दोन घे."

"आणि उरलेला?"

"सूप कर. लढाईत आईनं शिळ्या पावाच्या सुपावरच वाढवलं ना आपल्याला?"

जिल्बेर्तनं पिशवी पुढे केली. "दोन दे रे बाबा. पाहुणे यायचेत."

"या गावात रोजच पाहुणे येतात वाटतं!" पाववाला म्हणाला आणि सोलेनकडे वळला. "तुम्हाला एकच ना, मादाम?"

"दोन द्या," सोलेन म्हणाली. "कोंबड्या पाळल्यात मी."