दोघींची जीपमधली भाषा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, केंद्रप्रमुख माननीय दीपेश चुरी साहेब, व्यासपीठावर विराजमान सायवनच्या सरपंच नवशीताई, माझे सहकारी शिक्षक, पालकवर्ग, आणि भाषण कधी संपतंय नि खाऊ कधी मिळतोय याची वाट बघणाऱ्या माझ्या मुलांनो,

साहेबांनी माझ्या अध्यापनाचा एवढा गौरव केला, की ऐकताना वाटलं, ही बाई कोण बुवा? मी काही फार मोठं केलं नाही. हां, एक भाषा मात्र तयार केली. मी आणि दक्षाबेन माच्छी, दोघींनी मिळून. तिला आपण सगळे ओळखता, याच शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर होती.

डहाणूहून चारोटी, तिथं जीप बदलून सायवन, असा आमचा रोजचा प्रवास. मधल्या सीटवर आम्ही दोघी, मागेपुढे पुरुषमंडळी, त्यातले निम्मे पालक. बायकांचं अंग दुखत नाही का हो? दुखतं. पण एवढ्या माणसांत बोलायचं कसं? म्हणून आम्ही अवयवांना वेगळी नावं पाडली.

त्या शब्दांचं मूळ आज सांगूनच टाकते. गुडघा म्हणजे 'चारोटी', कारण तिथं जीपमधून उतरताना तो पहिल्यांदा कुरकुरला. कंबर म्हणजे 'सुक्या', आमचा ड्रायव्हर. एक खड्डा सोडेल तर शपथ! एकदा दक्षा म्हणाली, "आज सुक्या जाम ठणकतोय गं," तर हा मागे वळून म्हणतो, "बाय, मी बरा हाय!" ओटीपोट म्हणजे 'केंद्रप्रमुख'. महिन्यातून एकदा येणार, आणि आला की दिवस वाया. हसा साहेब, हसा, तेव्हाचे केंद्रप्रमुख वेगळे होते! आणि खांदा म्हणजे 'ओशीकुं'. दक्षाच्या घरी गुजराती, त्यांच्यात उशीला म्हणतात. आशागड आलं की तिचं डोकं माझ्या खांद्यावर.

दोन वर्षं झाली तिला जाऊन. आता जीपमध्ये शेजारी आपल्या नव्या शिक्षिका, पूर्वी मॅडम, बसतात. गुणाची पोर आहे. मी एकदा सवयीनं म्हटलं, "आज चारोटी धरलीय." तर म्हणाली, "हो मॅडम, ट्रॅफिक असेल." एकटीलाच येणारी भाषा बोलायची तरी कुणाशी?

आता जे सांगायचंय, ते मघापासून सांगू की नको करतेय. एका जागेला आम्ही नावच दिलं नव्हतं. छातीला. स्वतः केलेल्या भाषेतसुद्धा लाजलो. दक्षाला तिथं गाठ आली, तेव्हा तिच्यापाशी शब्दच नव्हता. "काय होतंय गं?" विचारलं की "कंई नथी" म्हणायची नि बाहेर बघत बसायची. डॉक्टरकडे गेली तोवर फार उशीर झाला होता. मला अजून तिचा राग येतो. आणि तिच्याशिवाय अजिबात करमत नाही.

गेल्या आठवड्यात माझ्याही हाताला गाठ लागली. उजव्या स्तनात. हो, सरळ मराठीत सांगतेय, माइकवरून. माना खाली घालू नका. घरी मी आणि टीव्ही, तिथं कुणाला सांगू? तुम्ही माझी माणसं, म्हणून तुम्हाला सांगितलं.

शाल, श्रीफळ, तुमचं प्रेम, मी भरून पावले. आयोजकांची मी ऋणी आहे. निरोपाच्या दिवशी बोलू नये ते बोलले असेन, तर आपल्या बाई म्हणून पोटात घाला.

उद्या सकाळी कासाच्या रुग्णालयात दाखवायला जायचंय. माझ्याबरोबर कोण येतंय?