दारव्ह्याले गेलेली घंटा

तुम्ही हसान, पण आमच्या आश्रमशाळेतली घंटा एकदा शाळेत नसतानी वाजली.

घंटा म्हणजे लिंबाले टांगलेला रुळाचा तुकडा. त्याची कडी तुटली म्हणून चौकीदारानं तो सकाळीच दारव्ह्याले वेल्डिंगले नेलता. तरी दुपारी आम्ही साऱ्या पोरी ताटं घेऊन लायनीत उभ्या.

स्वयंपाकवाली मावशी म्हणे, "काहून आल्या वं? घंटा कुठी झाली?"

"झाली ना मावशी, आम्ही ऐकली!"

"सवय हाय तुमची," म्हणून ती हसली. आम्हीही हसलो.

मंग तिनं लायनीच्या तोंडाशी पाह्यलं, अन् डाव तिच्या हातातच राह्यला. जन्माची बहिरी सुमन रोज आम्हाले पाहून उठे अन् सगळ्याच्या शेवटी ये. आज ती पहिली होती.

मावशीनं खुणेनंच विचारलं, "तू कशी?"

सुमननं हसून आपल्या कानाले बोट लावलं.