किल्लीने उघडलं तरी

स्कूटरची बॅटरी चार्ज होईपर्यंत शाळेतल्या बाई ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या बाकावर वह्या तपासत बसल्या होत्या. समोरच्या जुन्या गाडीत वायरमन आडवा झाला होता आणि गाडीचे वयस्कर मालक दाराशी उभे होते.

“काका, आता रिमोट दाबला की चारही दारं लॉक होतील, अलार्मही चालू होईल.”

“आणि किल्लीने उघडलं तर?”

“तर अलार्म गप्प बसेल. तीच वायर जोडतोय.”

“ती जोडू नकोस. किल्लीने उघडलं तरी बोंबलला पाहिजे, वर सुनेला ऐकू जाईल असा.”

“अहो, किल्ली तुमच्याच खिशात. चोर कुठून आणणार?”

“परवा सकाळी डबा घेऊन ह्याच गाडीने ऑफिसला निघालो. पार सिग्नलपर्यंत गेलो होतो. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली मला.”

बाईंचं पेन वहीवरच थांबलं.

“मग किल्लीच द्या ना सुनेकडे.”

“दोन्ही रिमोट तिलाच देतोय. किल्ली राहू दे. खिशात लागली नाही तर मी घर डोक्यावर घेतो.”

“बरं. नाही जोडत.”

“आणि हे बघ, उद्या मीच येऊन ती वायर जोड म्हणालो, तर सरळ हाकलून दे मला.”