ताटलीतली सुपारी

माजं म्हायेर कोरेगावाकडचं. तिथं पाटाचं पानी मिळंल त्येचा ऊस आनि बाकीच्यांची ज्वारी, आमची ज्वारी. बापानं मला दिली ती वर डोंगरात, वाईवरनं घाट चढून गेलं की बंगलेवाल्यांचं गाव लागतं, त्येच्या पल्याडच्या अंगाला आमची धा-बारा घरं. आय रडली, म्हनली आवं, तिथं नाचनी सोडून काय पिकत न्हाई, पोर कुठं टाकताय. तर बाप म्हनला पिकत नसंना का, बारमाही पानी हाय, पोरगी पान्यापायी वनवन करनार न्हाई. बापानं जावई बघितलाच न्हाई मास्तर, पानी बघितलं आनि सुपारी फोडली.

ते पानी म्हंजी आईचं टाकं. कड्याच्या तोंडाला कातळात कुनी कवा खोदलं देव जाने, वर शेंदराची आई बसलेली, आनि उनाळ्यात बी गार. पयल्या साली मला म्हायेराची आठवन आली की मी तिथंच जाऊन रडायची, घरात रडायची सोय न्हवती, सासूबाई म्हनायच्या रडायचं आसंल तर घागर घेऊन जा, दोन्ही कामं व्हतील. तशा सासूबाई वाईट न्हाईत हं, तोंडानं फटकळ हायत येवढंच. आनि त्या टाक्यावरनं म्हनं खालचं समदं खोरं दिसतं, नदी दिसती, लांबलांबनं मानसं बघायला येत्यात. आमी कवा बघितलं न्हाई. डोक्यावर घागर आनि पायाखाली निसरडं, बघायचं कवा.

लगीन झाल्यावर चार-पाच वर्सांनी मी बंगल्यावर भांड्याला जायला लागले. शिजन, म्हंजी हवा खायचं दिस, आलं की म्हमईची एक बाई यायची, मुलंबाळं, सैपाकी, समदं बिऱ्हाड घिऊन. हवा खायला येत्यात म्हनत्यात, मी म्हनायची मंग येवढी भांडी कशापायी घाशीत बसलेय. तर त्या बाईसाबनी मला पयल्याच साली इचारलं, उद्या पावनी हायत, सांच्यापतुर थांबशील न्हवं. माजं पोरगं तापलेलं, थांबायचं न्हवतं, पन मोठ्या मानसाला तोंडावर न्हाई कसं म्हनायचं, म्हनून मी खाली मान घालून गप उबी ऱ्हायले. आमच्यात गप ऱ्हायलं म्हंजी न्हाई, शेंबड्या पोराला बी कळतं. दुसऱ्या दिशी मी दुपारीच निघाले तर बाई कडाडली, काल तू हो म्हनालीस आनि आज चाललीस, खोटारडी हायस. मी म्हनलं बाईसाब मी कुठं हो म्हनले. तर म्हनली गप्प राह्यलीस, म्हणजे हो. तवा मला कळलं की ह्या लोकांत उलटं हाय. ध्यानात ठिवा मास्तर, फुडं लागनार हाय.

आता आमच्या गावकीची रीत सांगते. गावात काय ठरवायचं आसलं की चावडीफुडं पाटील मंदी ताटली ठेवायचे, तिच्यात सुपारीची खांडं. ज्येला मान्य त्येनं एक खांड उचलून तोंडात टाकायचं. ज्येला मान्य न्हाई त्येनं हात मांडीवर ठिवून बसायचं, बोलायचं न्हाई. तोंडानं न्हाई म्हनलं की मानूस मानसाला लागतंय, धा-बारा घरं, उद्या मयताला खांदा द्यायचा म्हनलं तरी तीच चार तोंडं. म्हनून वाडवडलांनी अशी रीत घातली, आनि बायकांनी भिताडामागं उबं ऱ्हायचं.

लढाईचं दिस हुतं. माजा भाऊ पल्टनीत, त्येचं पत्र कवा यायचं कवा न्हाई. इकडं मातुर हवा खायला येनाऱ्यांची झुंबड, गोरं सोल्जर बी यायचं, आनि त्येंच्यातल्या कुनालातरी आईच्या टाक्यावरनं खोरं दिसलं. झालं. बंगल्याच्या गावात एक कमिटी हुती, तिनं ठरवलं तिथं पाँट करायचा, म्हंजी उबं ऱ्हाऊन खोरं बघायची जागा. कठडा, बसायला बाकडी, उन्हाला छत्री. आनि टाकं सवच्छ ठिवायचं, म्हंजी जित्राबं न्हाई, धुनं न्हाई, घागरी न्हाई. पन वरनं हुकूम आल्ता म्हनं की गावाचं म्हननं ऐकून घ्या, म्हनून सायेब आमच्या चावडीवर आला, संगं कारकून.

सायेब वाईट न्हवता, खरं ते सांगते. समदं नीट समजून सांगितलं, गावाला काम मिळंल म्हनला, आनि मंग म्हनला, कोणाची हरकत असेल तर बोला. पाटलांनी ताटली फुडं सारली. एक हात हालला न्हाई. आमचं मालक फुडच्या रांगंत, हात मांडीवर, समद्यांचं हात मांडीवर. सायबानं परत इचारलं, परत तसंच. तिसऱ्यांदा इचारलं आनि म्हनला वा, फार समंजस गाव आहे, आनि पाहुनचार म्हनून एक सुपारी उचलून तोंडात टाकली, कारकुनानं बी टाकली, आनि कारकून लिवायला लागला.

मी भिताडामागं. कारकुनाचा टाक चालताना दिसला आनि मला बंगल्यावरची बाई आठवली. मी एक पाय फुडं टाकला. सासूबाईंनी मनगट धरलं. असं धरलं की बांगडी रुतली, आनि हळूच म्हनल्या, घराची लाज ठिव. मी थांबले. मास्तर, मी थांबले. मला येकटीलाच ठावं हुतं आनि मी थांबले.

गडी मानसं तर लय खुशीत. दोनच सुपाऱ्या उचलल्या, त्या बी त्येंच्या त्येंनीच, आता कुठलं येत्यात म्हनून हसत घरी आली. मालकास्नी जेवताना मी म्हनलं, आवं, त्या लोकांत गप ऱ्हानं म्हंजी… तर ते म्हनले भाकरी वाढ. मी वाढली.

पाऊसकाळ सरला आनि गवंडी आलं. पाटील तरातरा कचेरीत गेले, म्हनले गाव न्हाई म्हनलं हुतं की. कारकुनानं कागद काढून वाचून दावला, सभा शांततेत पार पडली, कोणाचीही हरकत नाही. पाटील म्हनले आवं, सुपारी कुनी उचलली? कारकून म्हनला मीच उचलली, का वो? मानूस तिथनं तसंच चालत घरी आलं. ताटली घासून माळ्यावर टाकली, ती अजून तिथंच हाय.

मंग काय. आदी कमिटीवाले म्हनले येरवाळी, पावनी यायच्या आत पानी भरून घ्या, मंग ते बी बंद, कुलूप आनि पाटी. आमी खालच्या झऱ्याला जायला लागलो. उतरायला सोपं, भरली घागर घिऊन चढायचं म्हंजी छाती फुटती. आनि आमचं मालक काय करायला लागलं आसतील? खुर्चीला लागलं. खुर्ची म्हंजी दोन दांड्यांच्या मंदी बसलेला शेट, आनि खाली चार गडी. ज्या टाक्यावर त्येंच्या आयला बंदी तिथं लोकाची आय खांद्यावर न्हेऊन बसवायची, खोरं दावायचं, परत आनायची. आमच्या सायबांनी म्हनल्यापरमानं काम मिळालं म्हना की.

सासूबाई तिसऱ्या वर्साला खालच्या वाटंवर घसरल्या. कंबर मोडली. तवापासनं त्या अंथरुनावरच, मी त्येंचं समदं करते, करायचंच आसतं. एक दिस मालकांनी फेट्यात झाकून तांब्याभर पानी आनलं, टाक्याचं. आयच्या तोंडाला लावलं. त्या प्यायल्या आनि मंग माज्याकडं बघून म्हनल्या, मी तुजा हात धरायला नगं हुता गं. मी म्हनलं आसू द्या आता. 

आता सवराज्य येऊन दोन वर्सं झाली. म्हनून वाटलं हुतं, आता आपलं टाकं परत मिळंल. तर गेल्या म्हैन्यात दुसरा सायेब आला, खादीच्या टोपीवाला, लय गोड बोलनारा, म्हनला आता राज्य तुमचंच, तुमीच सांगा, खालच्या झऱ्यापतुर मोटारीचा रस्ता करायचा हाय. म्हंजी तो बी झरा गेला. हरकत असंल तर बोला. आनि मास्तर, समद्यांस्नी ठावं झालंय की गप बसलं की गेलं, तरी येकाची जीब उचलंना. जनमभर न्हाई म्हनायची सवय न्हाई वो, खाली माना घालून बसली. माजा हात धरायला आता सासूबाई तिथं न्हवत्या, त्या घरात अंथरुनावर. मी भिताडाच्या फुडं आले आनि म्हनलं, आमास्नी नगं. येवढंच. 

कारकून म्हनला नाव सांगा. मी म्हनलं सगुना. म्हनला पूर्ण नाव, नवऱ्याचं, त्याशिवाय लिहिता येत नाही. आता आली का पंचाईत. नवऱ्याचं नाव मी कवा घेतलेलं न्हाई आनि भर चावडीत कसं घेऊ. समदी माज्याकडं बघाय लागली, मी पदर चावीत उबी. तर मागं खाकरल्याचा आवाज आला, आमचं मालक उठलं, फेटा सावरला आनि आपलं नाव सांगितलं, बापाचं बी सांगितलं, आनि म्हनलं, तिच्यासंगं हे बी लिवा. काय नाव ते मी तुमास्नी न्हाई सांगनार, त्येंनाच इचारा.

बाकी कुनी उठलं न्हाई. शेजारची दोन घरं तवापासनं बोलत न्हाईत, त्येंच्या पोरास्नी रस्त्यावर काम मिळायचं हुतं. मी बी पयल्यांदा जाऊन बोलत न्हाई. थकले मी. कागदाचं काय झालं अजून कळलं न्हाई, रस्ता व्हनार म्हनत्यात, न्हाई बी म्हनत्यात. तवर पानी खालनंच आनायचं, येक खेप झाली, येक ऱ्हायली हाय.

तुमी बी लिवताय मगापासनं. देव तुमचं भलं करो, पोरांबाळांत सुखी ऱ्हावा. पन जायच्या आदी काय लिवलंय ते वाचून दावा मला. सुरवातीपासनं वाचा, मी ऐकते.